वाचकांचे प्रश्न : ओपन सोर्सवाले इतकं तुटक का लिहितात?

मागच्या अंकात ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, पहिलं योगदान कसं द्यायचं यावर लिहिलं होतं. त्यानंतर धुळे, जळगाव, नंदुरबारकडून भरपूर पत्रं आली आणि वाचताना लक्षात आलं की त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोडचे नाहीतच, ते भाषेचे आहेत. समोरचा काय म्हणतोय, असं का म्हणतोय, आपण काय म्हणायचं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

ताई, मी एका ओपन सोर्स लायब्ररीला पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) पाठवली, रात्री जागून केलेली. मेंटेनरनं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानं, चार कमेंट टाकल्या. दोन 'निट' असं लिहून सुरू होणाऱ्या, एकीत नुसतं 'व्हाय?' आणि शेवटी 'नीड्स टेस्ट्स'. ना हाय, ना थँक्यू. माझं काही चुकलं का? रूममेट म्हणतो सोडून दे, ते लोक आपल्याला भाव देत नाहीत. (विद्यार्थी, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष, शिरपूर)

सोडू नकोस. चार कमेंट आल्या म्हणजे त्या माणसानं तुझा कोड ओळ न् ओळ वाचलाय. तिकडे नकाराची एक नेहमीची पद्धत म्हणजे काहीच उत्तर न येणं, रिक्वेस्ट महिनोन् महिने तशीच पडून राहते. तुला उत्तर आलंय, तेही चार ठिकाणी बोट ठेवून, त्यामुळे भाव दिलाय असंच समज.

आता एकेक कमेंट बघू. 'निट' म्हणजे किरकोळ गोष्ट, केलीस तर बरं, नाही केलीस तर त्यावाचून मर्ज (तुझा बदल मूळ कोडात घेणं) अडणार नाही. म्हणजे तो शब्द खरंतर सौम्यपणा आणायला टाकलेला असतो, 'हे मनाला लावून घेऊ नको' एवढंच सांगायला. 'नीड्स टेस्ट्स' म्हणजे कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या राहिल्यात, यादीतली राहिलेली गोष्ट. आणि 'व्हाय?' हा खराखुरा प्रश्न आहे. आपल्याकडे सरांनी 'का?' विचारलं की चूक झाली असं धरून आपण मान खाली घालतो, त्या सवयीनं तू 'सॉरी सर, आय विल चेंज' असं लिहून ती ओळ बदलून टाकशील, आणि ते सगळ्यात वाईट होईल, कारण त्याला कारण हवं होतं आणि कदाचित तुझंच बरोबर असेल. 'या ठिकाणी लिस्ट रिकामी येऊ शकते, म्हणून आधी तपासलं' असं एका वाक्यात लिही, बस. कारण पटलं तर तो पुढे जाईल, नाही पटलं तर तोही कारण देईल.

हे लोक असं का लिहितात याचं मूळ जुनं आहे. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं ऑगस्ट १९९१ मध्ये तिची पहिली बातमी एका न्यूजग्रुपवर साध्या मजकुरात टाकली, पुढे सगळा कारभार ईमेलवर चालला आणि कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) बराचसा आजही तिथेच चालतो. समोरच्याच्या ईमेलमधली एक ओळ ठेवायची, तिच्या खाली आपलं उत्तर, मग पुढची ओळ, पुन्हा उत्तर. प्रत्येक मुद्द्याला 'आदरणीय' लावत बसलं तर मूळ मुद्दा सापडायचा नाही. माणसं वेगवेगळ्या देशात, कोणी झोपलेलं, कोणी ऑफिसात, आवाज नाही, चेहरा नाही. पण खरं कारण मला वेगळं वाटतं, आणि ते एकदा कळलं की या लोकांचं बरंच वागणं कळतं : हे लिखाण फक्त तुझ्यासाठी नसतंच. ते सगळं जपून राहतं, आणि पाच वर्षांनी कोणीतरी तिसराच माणूस गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनात 'गिट ब्लेम' चालवून ही ओळ कोणी आणि कशासाठी घातली हे शोधत तिथे येतो. त्याला तुमचं हाय-हॅलो नको असतं, कारण हवं असतं. म्हणून मेंटेनर 'व्हाय?' विचारतो तेव्हा त्या न आलेल्या माणसाच्या वतीनंही विचारत असतो.

हेच कमिट मेसेजमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलासोबतच्या टिपेत, दिसेल. तू लिहिलंस 'आय हॅव फिक्स्ड द क्रॅश'. गिटच्या स्वतःच्या नियमांत सांगितलंय की आज्ञार्थी लिहा, जणू कोडलाच हुकूम सोडताय : 'फिक्स क्रॅश ऑन एम्प्टी लिस्ट'. आधी हे विचित्र वाटतं, काम तर मी केलंय मग हुकूम कसला. पण वाचणाऱ्याच्या जागेवरून बघ. त्याला तू काय केलंस यात रस नाही, हा बदल लावला तर काय होईल हे त्याला कळायला हवं. गिट स्वतः कोडच्या दोन ब्रांच (फांद्या) जोडताना आपोआप जो मेसेज लिहितं तोही 'मर्ज ब्रांच' असाच असतो, 'मर्ज्ड' नाही. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, एक ओळ मोकळी, मग खाली ७२ अक्षरांच्या ओळींत कारण. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते कुठेच दिसत नाही, ते तिथे लिही.

आता तुटक आणि उद्धट यात फरक आहे आणि तो ओळखता आला पाहिजे, सगळंच 'तिकडे असंच असतं' म्हणून गिळायचं नाही. सोपी खूण सांगते : वाक्याचा कर्ता बघायचा. 'हे फंक्शन मेमरी सोडत नाही' इथे कर्ता फंक्शन आहे. 'तुला मेमरी कळत नाही' इथे कर्ता तू आहेस. चांगला रिव्ह्यूअर रागावला तरी कर्ता बदलू देत नाही. कर्नलच्या लोकांत हे बरीच वर्षं बिघडलेलं होतं, खुद्द लिनसचे ईमेल त्यासाठी बदनाम होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यानं जाहीर माफी मागितली, काही दिवस कामातून बाजूला झाला, आणि त्याच सुमारास कर्नलनं नवी आचारसंहिता घेतली. म्हणजे ज्यांच्यापासून हा तुटकपणा सगळे शिकले त्यांनीही मान्य केलं की माणसाला टाकून बोलणं म्हणजे काटेकोरपणा नव्हे. तुझ्या चारही कमेंटमध्ये कर्ता कोड आहे. टेस्ट लिही आणि पाठव.

माझं शिक्षण झेडपीच्या शाळेत, मराठी मीडियम. आता बीसीए करतो. इंग्रजी कच्चं आहे म्हणून बग दिसला तरी कळवायची हिंमत होत नाही. एकदा पाठवलं होतं, 'मोअर इन्फो नीडेड' लिहून बंद केलं. सोबत काय लिहिलं होतं तेही पाठवतोय. (चोपडा तालुका)

याच्या पत्रासोबतचा मजकूर असा होता : 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम युझिंग युवर सॉफ्टवेअर सिन्स लाँग टाइम. इट इज नॉट वर्किंग प्रॉपरली फॉर मराठी. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.'

भाऊ, यात तुझं इंग्रजी कच्चं नाहीये. एखादी चूक सोडली तर वाक्यं कळतात. अडचण अशी की हा तहसील कचेरीतल्या अर्जाचा नमुना आहे. अर्जात आपण मोठ्या माणसाकडे काम मागतो, त्याचा मान राखतो आणि कसं करायचं ते त्याच्यावर सोडतो. बग रिपोर्टमध्ये तू साक्षीदार आहेस. काय पाहिलंस ते सांगायचं, आणि समोरच्याला त्याच्या मशीनवर तेच पाहता आलं पाहिजे. तुझ्या तीन वाक्यांत एकही गोष्ट अशी नाही जी तो करून बघू शकेल.

तू मला फोटो पाठवलास त्यात बग स्वच्छ दिसतोय. लिहिताना 'ऱ्हायना' नीट उमटतं, पीडीएफ काढली की ऱ्ह मधला तो अर्ध्या चंद्रासारखा र जातो आणि पाय मोडलेला र वेगळा पडून ह सुटा दिसतो. मग तेच लिही. शीर्षक : पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये 'ऱ्ह' तुटतो. खाली : नवीन फाईल उघडली, हा शब्द टाइप केला, पीडीएफ काढली. असं दिसायला हवं होतं, असं दिसतं, दोन्हीचे फोटो. सॉफ्टवेअरचं व्हर्जन अमुक, फॉन्ट अमुक, विंडोज का लिनक्स ते. आणि एक गोष्ट जी फक्त तूच सांगू शकतोस, युरोपात बसलेल्या माणसाला स्वप्नातही सुचणार नाही : युनिकोडमध्ये हा र लिहायचे दोन मार्ग आहेत, एक नुक्त्याच्या ऱ ला हलंत लावून, दुसरा साध्या र् नंतर झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं, जोडणारं चिन्ह टाकून. तुझा कीबोर्ड कुठला टाकतो ते बघ, दुसऱ्या पद्धतीनं लिहून पीडीएफ काढ, एकच तुटतो का दोन्ही ते कळव. एवढं दिलंस तर मेंटेनरला देवनागरी वाचता आली नाही तरी तो कामाला लागेल.

हे सगळं लिहायला साधा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ पुरतो. या लोकांचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं नाहीच मुळी, ते अरुंद आहे, ठरावीक शब्दांचं आहे आणि म्हणून लवकर येतं. इंटरनेटच्या नियमावल्यांत तर १९९७ पासून ठरवूनच टाकलंय की 'मस्ट' म्हणजे करायलाच हवं, 'शुड' म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय टाळू नये, 'मे' म्हणजे तुमची मर्जी. इतकी ठाशीव भाषा आपल्या सातबाऱ्यावरसुद्धा नसते. आणि कोणाचं इंग्रजी बघून घाबरतोयस? लिनसची मातृभाषा स्वीडिश. पायथनवाला गीडो व्हॅन रॉसम डच. रुबी ही भाषा जपानमध्ये झाली आणि सुरुवातीची वर्षं तिची बहुतेक चर्चा जपानीतच चालायची. लुआ ब्राझीलची. यातलं कोणीच इंग्रजी घरातून घेऊन आलं नव्हतं.

तो बंद केलेला रिपोर्ट तसाच राहू दे, नवा टाक आणि त्यात जुन्याचा नंबर दे.

मी मराठीत एमए करून भाषाविज्ञानात संशोधन करायच्या विचारात आहे. ओपन सोर्समधल्या लोकांची भाषा हा विषय होऊ शकतो का? गाइड म्हणतात हा कॉम्प्युटरचा विषय आहे. (धुळे)

होऊ शकतो, आणि भाषावाल्यांनीच तो घ्यावा असं माझं ठाम मत आहे. माणसं काम करताना काय बोलतात याची इतकी मोठी, तारीखवार, सगळ्यांना खुली असलेली नोंद दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे? डॉक्टर आपसात काय बोलतात ते कोणी लिहून ठेवत नाही, वकील तर नाहीच. इथे एका ओळीच्या बदलामागचा वाद, त्यात कोण चिडलं, कोणी माघार घेतली, शेवटी काय ठरलं, सगळं उघडं पडलंय.

आधी झालेलं काम बघून घे. अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांच्या पुढाकारानं तयार झालेलं एलआयडब्ल्यूसी नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते मजकुरातले शब्द गटवार मोजतं, त्यातही मी, आपण, पण, कदाचित अशा बारक्या शब्दांवर भर, कारण ते आपण ठरवून वापरत नाही. त्यांच्या गटाला असंही दिसलं की वरच्या पायरीवरचा माणूस 'आय' कमी वापरतो, खालचा जास्त. २००७ मध्ये पीटर रिग्बी आणि अहमद हसन यांनी हेच सॉफ्टवेअर अपाची या वेबसाइट चालवणाऱ्या ओपन सोर्स सर्व्हरच्या डेव्हलपरांच्या ईमेलवर चालवलं : मुख्य डेव्हलपरांचा स्वभाव भाषेतून कळतो का, मोठ्या रिलीजच्या आधी आणि नंतर सूर बदलतो का, माणूस प्रकल्पात येताना आणि सोडून जाताना वेगळं लिहितो का. २०१६ मध्ये आणखी एका गटानं लिनस आणि त्याचा जवळचा सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे ईमेल घेऊन, नाव झाकलं तर नुसत्या लिहिण्यावरून कोण ते मशीनला ओळखता येतं का हे तपासलं, आणि बऱ्यापैकी ओळखता येतं असं दिसलं. दोघं एकाच कामातले, दोघंही नकार देणारे, तरी नकार द्यायची ढब वेगळी.

यात एक मोठा खड्डा आहे तो आधीच सांगते. मजकूर आनंदी का रागीट हे सांगणारी जी तयार सॉफ्टवेअरं मिळतात ती सिनेमाच्या परीक्षणांवर, सोशल मीडियाच्या मजकुरावर वगैरे तयार झालेली असतात. त्यांच्यापुढे 'किल द चाइल्ड प्रोसेस, इट अबॉर्ट्स विथ अ फेटल एरर' हे वाक्य ठेवलं की त्यांना खून दिसतो. डेव्हलपरला त्यात काहीच वाटत नाही, रोजचं वाक्य आहे. म्हणून २०१७ च्या सुमारास याच मजकुरावर शिकवलेली वेगळी साधनं आली, सेंटीफोरएसडी, सेंटीस्ट्रेंथ-एसई. पण तीही इंग्रजीचीच.

आणि इथे तुझं काम सुरू होतं. मराठीत 'मी' मोजून काय मिळणार? आपण 'बघतो', 'केलंय', 'पाठवते उद्या' असं लिहितो, मी गाळतोच, तो क्रियापदात जाऊन बसलेला असतो. वरून करतो-करते मध्ये लिंगही कळतं जे इंग्रजी ईमेलमध्ये लपून राहतं. म्हणजे तिकडची मोजपट्टी जशीच्या तशी लावली तर सगळे मराठी डेव्हलपर वरच्या पायरीवरचे निघतील! दुसरं, इंग्रजी 'वी' मध्ये आपण आणि आम्ही दोन्ही येतात. मेंटेनर म्हणतो 'वी डोन्ट डू दॅट हिअर', तिथे नवा पोरगा बाहेर उभा आहे. तोच म्हणतो 'शुड वी मूव्ह धिस?', तिथे त्याला आत घेतलंय. नव्या माणसाला पहिलं वाक्य किती वेळा ऐकू येतं, दुसरं कधीपासून ऐकू यायला लागतं, आणि त्याचा तो टिकण्याशी काही संबंध आहे का, हे मराठी माणूस जितक्या चटकन वेगळं काढेल तितकं इंग्रजी बोलणारा काढणार नाही, कारण आपल्या कानाला तो फरक जन्मापासून आहे.

शिवाय घरचं साहित्य आहेच. जळगावच्या गोलाणी मार्केटात चहाला उभी असलेली पोरं ऐक : कमिट मारला, पुश केलं, ब्रांच काढली, बिल्ड फुटला, सर्व्हर पडला, कॉन्फ्लिक्ट आला. नामं सगळी बाहेरची, क्रियापदं सगळी घरची. कुठे 'मारणे' लागतं आणि कुठे 'करणे', रिक्वेस्ट ती आणि पॅच तो हे कोणी ठरवलं, याचा एक अख्खा लेख होईल आणि त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही.

एकच कळकळीची विनंती. तो मजकूर खुला असला तरी त्यामागं जिवंत माणसं आहेत. शब्दांवरून एखाद्याला नैराश्य आहे, अमका अहंकारी आहे असली निदानं नावानिशी छापू नकोस. गटाबद्दल बोल, पद्धतीबद्दल बोल. आणि गाइडना सांग, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जुनी दफ्तरं वाचून मराठीचा इतिहास शोधला जातो, ही आजची दफ्तरं आहेत.

फुकट वाटायचं सॉफ्टवेअर, तरी एवढे वाद कशाला? मुलगा रात्ररात्र बसून भांडत असतो. (भुसावळ)

काका, पगार देणारा साहेब नसतो ना, म्हणून. ऑफिसात साहेब शेवटचा शब्द बोलतो आणि विषय संपतो. इथे समोरच्याला पटवावं लागतं, त्यामुळे वाद हीच कामाची पद्धत आहे. अपाची मंडळींत तर मत आकड्यात देतात, अधिक एक म्हणजे हो, उणे एक म्हणजे नाही. कोडच्या बाबतीत एका हक्काच्या सभासदाचा उणे एक आला तर बदल अडतो, पण त्यासोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं, कारण नसेल तर तो नकार धरतच नाहीत. आपल्या ग्रामसभेत हा एक नियम आला तर किती बदल होईल बघा.

अर्थात सगळे वाद कामाचे नसतात. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पौल-हेनिंग काम्प यांनी यावर एक ईमेल लिहिला होता तो अजून सांगितला जातो : अणुभट्टीचा आराखडा कोणी न बोलता मंजूर होतो कारण तो कोणाला कळत नाही, सायकलच्या शेडला रंग कुठला द्यायचा यावर मात्र प्रत्येकाला मत असतं. उदाहरण मूळचं लेखक पार्किन्सन यांचं, पण तेव्हापासून फालतू वादाला तिकडे 'बाइकशेड' म्हणतात आणि कोणी नुसतं तेवढं लिहिलं तरी शहाणी माणसं थांबतात. मुलाला विचारा, तुझा वाद भट्टीचा का शेडचा. भट्टीचा असेल तर चहा करून द्या.

मी मुलगी आहे हे प्रोफाइलवर दिसू द्यावं का? मैत्रिणी म्हणतात नुसतं आडनाव लाव. (नंदुरबार)

तुझ्या मैत्रिणी घाबरट नाहीत, त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या लाखो पुल रिक्वेस्ट तपासल्या, २०१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एकंदरीत बायकांच्या रिक्वेस्ट पुरुषांपेक्षा साधारण चार टक्क्यांनी जास्त स्वीकारल्या गेल्या होत्या. पण प्रकल्पात नवख्या असलेल्या बायकांचं वेगळं काढलं तर, प्रोफाइलवरून बाई आहे हे कळत नव्हतं तिथे स्वीकार जास्त आणि कळत होतं तिथे कमी. काम तेच दर्जाचं, नाव दिसलं की फरक. हे वाचून मला राग आला होता, अजून येतो.

तरी काय करायचं हे तू ठरव, दोन्ही बरोबर आहे. आडनाव लावून सुरुवात केलीस तर ती लपवाछपवी नाही, तिकडे बरेच लोक टोपणनावानं वावरतात. मी एवढंच सुचवेन की प्रकल्प निवडताना आधी आचारसंहितेची फाईल आहे का बघ, कोरालिन एडा एमके यांनी २०१४ मध्ये लिहिलेला कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट बऱ्याच ठिकाणी असतो. पण नुसत्या फाईलवर जाऊ नको. बंद झालेल्या जुन्या रिक्वेस्ट उघड, नवख्या माणसाला नकार कसा दिलाय ते वाच. स्वीकारताना सगळेच गोड असतात, नकारात खरं कळतं. वरती कर्त्याची खूण सांगितलीय ती तिथे लावून बघ.

नम्र बोलणारा चांगला आणि तुसडा वाईट असं धरून चालावं का? वर्गात मुलांना इंटरनेटवरचं वागणं शिकवताना हा प्रश्न येतो. (शिक्षक, अमळनेर)

नाही सर, आणि त्यासाठी मुलांना एक्सझेडची गोष्ट जरूर सांगा. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी, जगभरच्या लिनक्स मशीनवर असते, सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी. २०२१ च्या अखेरीपासून एक नवा हौशी डेव्हलपर पॅच (कोडमधले बदल) पाठवायला लागला. काम नीट, बोलणं नम्र, कधी तक्रार नाही. मग २०२२ मध्ये आणखी काही नावं उगवली जी आधी कुठेच दिसली नव्हती, आणि ती मेंटेनरवर घसरायला लागली : इतका उशीर का, तुम्हाला रस उरला नाही, दुसऱ्या कोणाला सांभाळू द्या. तो बिचारा लिहितो की माझी मानसिक तब्येत बरी नसते, हा प्रकल्प मी हौसेनं फुकट करतो हे लक्षात घ्या. शेवटी त्या नम्र नव्या माणसाच्या हातात किल्ल्या गेल्या. आणि २०२४ मध्ये त्यानं ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा घातला. तो पकडला गेला कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मुळाशी गेला, २९ मार्च २०२४ ला त्यानं जाहीर केलं.

ती टोचणारी नावं खोटी आणि त्याच कटातली असावीत असंच जाणकार मानतात. म्हणजे रागीट आवाज आणि गोड आवाज एकाच बाजूचे, एकानं ढकलायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं. मुलांना ते ईमेल दाखवा, ते अजून खुले आहेत. त्यात एक गोष्ट शोधायला सांगा : या टोचणाऱ्यांपैकी कोणी एक तरी ओळ कोड दिला का, एक तरी बग नीट सांगितला का? नाही. सगळी वाक्यं मेंटेनरबद्दल, कोडबद्दल जवळजवळ काही नाही. सूर गोड का कडू हे बाजूला ठेवून, हा माणूस कशाबद्दल बोलतोय हे बघायची सवय लागली तर बरंच पुढे जाता येतं. आणि थकलेल्या माणसानं 'मला झेपत नाहीये' असं लिहिलं की तिथे सूचना देत न बसता कामातला एखादा कोपरा उचलावा, हेही त्याच वर्गात सांगा. त्या मेंटेनरनं लिहिलं तेव्हा खऱ्या माणसांपैकी फार कोणी आलं नाही, हे मला त्या चोरदरवाजापेक्षा जास्त लागतं.

आम्ही चार-पाच जण एखादं सॉफ्टवेअर अहिराणीत करायचं म्हणतोय. पण आमच्यातच भांडणं, एक म्हणतो साक्रीकडचं घ्या, एक म्हणतो बागलाणचं, जळगावकडचा म्हणतो हे आमचं नाहीच. कुठून सुरू करू? (साक्री)

फार आनंद झाला हे पत्र वाचून. आधी चांगली बातमी : दार उघडं आहे. ब्रिटिश काळात ग्रियर्सननी भारताच्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीची नोंद घेतली होती, आणि आजच्या भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला स्वतःचं चिन्ह आहे, एएचआर. खानदेशीला वेगळं, केएचएन. सॉफ्टवेअरला भाषा ओळखायला असंच चिन्ह लागतं, ते नसतं तर आधी त्यासाठीच अर्ज करावा लागला असता.

काम कसं असतं तर एका फाईलमध्ये इंग्रजी ओळ, खाली तुमची ओळ, अशा शेकडो जोड्या. ओळीत मध्येच टक्का-डी असं काही दिसलं तर ते तसंच ठेवायचं, तिथे नंतर आकडा येतो. आणि तिथेच पहिला खरा प्रश्न पडेल, एक फाईल आणि पाच फायली यांची रूपं अहिराणीत कशी. मराठीचं बघून भरू नका, घरी आजीला विचारा. दुसरा प्रश्न, बटणावर काय : 'करा' म्हणजे आदरानं, का 'कर'? मराठीत आदरार्थी पक्कं झालंय, अहिराणीत घरात इतका आदर लावतात का ते तुम्ही ठरवायचं. 'शे' (आहे) सारखं जे रूप बहुतेक सगळ्यांना आपलं वाटतं तिथून सुरुवात करा आणि ज्यावर तंटा होतो ते मागे ठेवा.

भांडण मिटवायच्या मागे लागू नका, ते लिहून काढा. फाईलच्या शेजारी एक साधी यादी ठेवा : हा शब्द घेतला, बागलाणात असं म्हणतात, साक्रीकडे तसं, आम्ही हा घेतला कारण अमुक. उद्या पारोळ्याचा कोणी येईल आणि म्हणेल हे चुकलंय, त्याला ती यादी दाखवता येईल आणि त्याचं कारण जास्त बळकट असेल तर शब्द बदलताही येईल. जळगावकडच्या मित्राला बाहेर काढू नका, यावल-रावेरची लेवा गणबोली वेगळी पडते हे खरं, पण तो तुमचा सगळ्यात चांगला परीक्षक आहे, त्याला जे कळतं ते सगळ्या खान्देशाला कळेल.

सॉफ्टवेअर लहान निवडा, रोज वापरायचं, ज्याच्या ओळी दोन-तीनशेच्या आत आहेत असं. मेंटेनरला आधी एक छोटा ईमेल टाका, आम्ही ही भाषा आणतोय, चिन्ह हे, लिपी देवनागरी, सांभाळायला इतके जण आहोत. तो दोन शब्दांत 'साउंड्स गुड' म्हणेल, तेवढं पुरे. पहिल्या पन्नास ओळी झाल्या की ज्या ओळींवर तुमच्यात दोन मतं पडली तेवढ्या यादीसकट आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू म्हणजे धुळे-नंदुरबारच्या वाचकांनाही आपला शब्द सांगता येईल.